गोव्याच्या खेड्यापाड्यांतील बससेवा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सत्तरी, सांगे, धारबांदोडा, केपे, काणकोण, डिचोली आणि पेडणे या तालुक्यांत अशी असंख्य घरे आहेत, ज्यांची शाळा, नोकरी, इस्पितळ आणि बाजार हे सगळे दारावरून जाणाऱ्या एका बसवर अवलंबून असते. अशा प्रवाशांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. भाड्याचे दर आणि बसच्या वेळा बदलत असतात, म्हणून त्यांचे तक्ते येथे दिलेले नाहीत. त्या वेळा कोण ठरवतो, त्या पाळल्या गेल्या नाहीत तर काय करता येते आणि गावाला हवी असलेली फेरी कशी मागावी, यावर अधिक भर दिला आहे.

कदंबची बस आणि खासगी बस यांत प्रवाशाच्या दृष्टीने नेमका फरक काय?

कदंब वाहतूक महामंडळ हे राज्य सरकारच्या मालकीचे असून त्याची स्थापना १९८० मध्ये झाली. गोव्यावर राज्य केलेल्या कदंब राजघराण्यावरून त्याला हे नाव मिळाले. त्याआधी गोव्यातील प्रवासी वाहतूक खासगी मालकांच्या हाती होती. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांनी बसभाड्यात ५० टक्के सवलत मिळावी म्हणून मोठे आंदोलन केले, आणि सरकारची स्वतःची बससेवा उभी राहण्यामागे त्या आंदोलनाचा मोठा वाटा होता. आज कॉलेजला जाताना पास दाखवणाऱ्या मुलामुलींना हे सहसा कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम नोंदवले आहे.

खासगी बस म्हणजे बहुधा एकदोन गाड्यांच्या मालकाची मिनीबस. तिला परिवहन प्राधिकरणाकडून ठराविक मार्गाचा परवाना मिळालेला असतो. टप्प्याटप्प्याने प्रत्येक प्रवाशाकडून वेगळे भाडे घेणाऱ्या अशा गाडीला कायद्याच्या भाषेत ‘स्टेज कॅरेज’ म्हणतात. प्रवाशाला जाणवणारा मोठा फरक गाडी बिघडते त्या दिवशी कळतो. एकाच गाडीच्या मालकाकडे बदली गाडी नसल्यामुळे त्या दिवसाची फेरी सरळ रद्द होते. महामंडळाच्या आगारातून दुसरी गाडी पाठवण्याची सोय निदान व्यवस्थेत तरी असते. दुसरा फरक पासचा आहे. कदंबचा पास साध्या खासगी बसमध्ये चालत नाही, त्यामुळे ज्या गावात दिवसभरात कदंबच्या दोनच फेऱ्या आहेत तेथे पास काढण्यापूर्वी त्या दोन फेऱ्या आपल्या वेळेला जुळतात का, हे पाहावे.

सरकारने ‘माझी बस’ योजनेखाली खासगी मालकांच्या गाड्या कदंबच्या नियोजनात आणण्याचा मार्ग काढला आहे. आपल्या मार्गावरची खासगी गाडी या योजनेत आहे का, हे वाहकाला विचारावे, कारण तिकीट आणि सवलत यांचा प्रश्न त्यावरच ठरतो.

आमच्या थांब्यावर बस किती वाजता येते हे खात्रीने कोठे कळेल?

ठरलेली वेळ असते ती बस जेथून सुटते त्या स्थानकाची. मधल्या वाड्यावर किंवा तिठ्यावर ती केव्हा पोचेल हा अंदाज असतो आणि तो रोज थोडाफार चुकतो, म्हणून मधल्या थांब्यावर दहा मिनिटे आधी उभे राहणे शहाणपणाचे. कदंबच्या फेऱ्यांसाठी पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, वास्को अशा मोठ्या बसस्थानकांवरच्या चौकशी खिडकीवर विचारावे. खासगी फेऱ्यांची सगळ्यात भरवशाची माहिती त्याच मार्गावरच्या वाहकाकडे असते, कारण आपल्या पुढची आणि मागची गाडी कोणाची आणि केव्हाची, हे त्याला तोंडपाठ असते.

तरीही वेळापत्रक ही वाहकाच्या मर्जीची गोष्ट नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ७२ नुसार परवान्याला अनेक अटी जोडता येतात: दिवसाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती फेऱ्या करायच्या, वेळापत्रकाची प्रत प्राधिकरणाला द्यायची, आणि वेळापत्रक व भाड्याचा तक्ता गाडीत आणि नेमून दिलेल्या थांब्यांवर लावायचा. असा तक्ता गाडीत दिसत नसेल, तर तो कोठे लावला आहे हे विचारण्याचा प्रवाशाला पूर्ण अधिकार आहे.

फलकावर ‘केरी’ लिहिलेले असते. ती नेमकी कोणती केरी?

हा प्रश्न परगावच्या पाहुण्यांकडून फार येतो आणि चूक झाली तर अर्धा दिवस वाया जातो. गोव्यात केरी नावाची तीन गावे प्रवाशांच्या वाटेत येतात. एक पेडणे तालुक्यात समुद्राकाठी, जेथून तेरेखोलला फेरीबोट जाते. दुसरे सत्तरीत, चोर्ला घाटाच्या पायथ्याकडे. तिसरे फोंडा तालुक्यात, श्री विजयादुर्गेच्या मंदिराचे. सुर्ला नावाची गावेही सत्तरीत एक आणि डिचोली तालुक्यात एक अशी दोन आहेत. म्हणून गाडीत चढण्यापूर्वी गावाबरोबर मार्गही विचारावा. सत्तरीतल्या केरीला जायचे असेल, तर ‘साखळीमार्गे केरी का?’ असा प्रश्न केला की उत्तरात गोंधळ उरत नाही. महामंडळाने आणि खासगी मालकांनी फलकावर गावाच्या नावासोबत तालुक्याचे नावही लिहिले, तर एका ओळीच्या रंगकामात हा प्रश्न कायमचा मिटेल.

आमच्या गावाला दिवसाला चार फेऱ्या आहेत, तरी गाडीची सोय नाही असे सगळे का म्हणतात?

कारण फेऱ्यांच्या संख्येवरून गावाची सोय कळत नाही. ती पहिल्या आणि शेवटच्या फेरीवरून कळते. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळेत चार फेऱ्या असल्या, पण सकाळी सातच्या आधी आणि सायंकाळी सहानंतर एकही नसली, तर त्या चार फेऱ्यांचा उपयोग पंचायतीत किंवा बँकेत जाऊन परत येणाऱ्यालाच होतो. वेर्णा, कुंडई किंवा पिसुर्लेच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला हजर व्हायचे असलेल्या कामगाराला, म्हापशातील दुकानात रात्री दुकान बंद होईपर्यंत थांबणाऱ्या मुलीला, प्रात्यक्षिके संपवून सायंकाळी निघणाऱ्या उच्च माध्यमिकच्या विद्यार्थ्याला त्या चारही फेऱ्या नसल्यासारख्याच असतात.

पुढची साखळी अनेक गावांनी डोळ्यांदेखत पाहिली आहे. शेवटची फेरी परवडत नाही म्हणून आधी ती बंद होते. परतीची खात्री गेल्यामुळे सकाळी बसने जाणाराही जायचा थांबतो, कर्ज काढून घरात दुचाकी येते, आणि एकदा दुचाकी आली की त्या घरातले दोन प्रवासी सकाळच्या बसलाही कायमचे दुरावतात. मग सकाळच्या फेरीत माणसे नाहीत म्हणून तीही बंद होते. शेवटी बसमध्ये उरतात ते ज्यांना दुचाकी चालवता येत नाही किंवा परवडत नाही असे लोक: वयस्कर माणसे, शाळकरी मुले, आजारी माणसे आणि डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला निघालेल्या बायका. ज्यांना बसची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांच्याच वाट्याला सर्वांत विस्कळीत सेवा येते. गावाने फेरी वाचवायची असेल, तर सगळ्यात आधी शेवटची फेरी वाचवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

वस्तीची बस म्हणजे काय, आणि ती मिळवण्यासाठी गावाला काय करावे लागते?

रात्रीची शेवटची फेरी घेऊन गावात येणारी, तेथेच मुक्काम करणारी आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघणारी गाडी म्हणजे वस्तीची बस. तिचा फायदा असा की एकाच निर्णयाने गावाला पहिली आणि शेवटची, दोन्ही फेऱ्या मिळतात. गाडी रात्री शहरात परत नेली, तर रात्री रिकामी जाते आणि पहाटे रिकामी येते. मुक्काम केला, तर त्या दोन्ही वेळचे डिझेल वाचते. नेत्रावळीसारख्या सांगे तालुक्यातील आतल्या गावांचा किंवा वाळपईच्या पलीकडील सत्तरीच्या डोंगराळ भागाचा विचार केला, तर ही बचत किती मोलाची आहे हे सांगायला नको.

अडचण येते ती माणसांच्या सोयीची. चालक आणि वाहक दिवसभर गाडीवर असतात. रात्री गाडीच्याच बाकावर डास मारत झोपायचे आणि पहाटे विहीर शोधायची, अशी स्थिती असेल तर तो मुक्काम कोणालाही नकोसा होतो, आणि झोप न झालेल्या चालकाच्या हाती पहाटे घाटरस्त्यावर गाडी देणे प्रवाशांच्याही हिताचे नाही. येथे पंचायतीच्या हाती खूप काही आहे. पंचायत घरातील किंवा समाज सभागृहातील एक स्वच्छ खोली, पंखा, पाणी, शौचालय आणि गाडी वळवून सुरक्षित उभी करता येईल एवढी जागा, इतके दिले आणि ते लेखी कळवले, तर मागणीचे वजन बदलते. रात्री उशिरा येणाऱ्या त्या दोघांना गरम जेवण मिळेल अशी एका घराशी बोलणी करून ठेवली, तर आणखी चांगले. आपल्या मुलांना घरी सुखरूप आणणाऱ्या माणसांसाठी गावाने एवढे करणे मला अगदी रास्त वाटते.

नवी फेरी किंवा बंद पडलेली फेरी मागायची तर अर्ज कसा करावा?

‘आमच्या गावाला बस मिळावी’ एवढेच लिहिलेला अर्ज कोणत्याही कार्यालयात सहज बाजूला ठेवला जातो, कारण त्यावर काय करायचे हे वाचणाऱ्याला कळत नाही. अर्जात नेमकी मागणी हवी: कोठून कोठपर्यंत, कोणत्या वाड्यांवरून, किती वाजता, आठवड्याच्या कोणत्या दिवशी, आणि त्या वेळेला रोज प्रवास करणारे किती जण आहेत. त्यासाठी गावात घरोघरी फिरून साधी यादी करावी. नाव, कोठे जातो, किती वाजता पोचायचे असते, किती वाजता परत निघता येते आणि आज तो कसा जातो, एवढ्या पाच गोष्टी पुरतात. शेवटची गोष्ट महत्त्वाची, कारण आज दुचाकीने किंवा कोणाच्या तरी गाडीत जागा मागून जाणारा माणूस बसच्या आजच्या गर्दीत दिसत नाही, पण उद्याचा प्रवासी तोच असतो. यादी कार्यालयात देताना लोकांचे फोन क्रमांक वगळावेत. संख्या आणि वेळा पुरेशा असतात.

ही यादी घेऊन ग्रामसभेत ठराव घ्यावा. गोवा पंचायत राज कायद्यानुसार सर्वसाधारण ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत रविवारी होतात. शाळा सुरू होताना फेरी हवी असेल तर जुलैची ग्रामसभा उशिराची ठरते, म्हणून विषय जानेवारीतच मांडावा. ठरावाची प्रत, यादी आणि अर्ज अशी तीन कागदपत्रे कदंबची फेरी हवी असेल तर महामंडळाच्या पर्वरी येथील मुख्य कार्यालयाला आणि खासगी मार्गाचा प्रश्न असेल तर वाहतूक खात्याला द्यावीत. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नये.

उत्तर आले नाही, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ वापरता येतो. अर्जाचे शुल्क १० रुपये असते आणि माहिती ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. ‘बस का देत नाही?’ असा प्रश्न विचारू नये, कारण त्या कायद्याखाली कागदावर असलेली माहिती मागता येते, कारणमीमांसा नव्हे. ‘अमुक मार्गावर किती परवाने चालू आहेत, प्रत्येकाच्या मंजूर फेऱ्यांचे वेळापत्रक काय आहे, आणि अमुक तारखेला दिलेल्या आमच्या अर्जावर कोणते शेरे झाले आहेत,’ असे विचारावे. अनेकदा यातूनच उघड होते की गाव ज्या फेरीसाठी नव्याने अर्ज करत आहे ती कागदावर पूर्वीपासून मंजूर आहे, फक्त कोणी चालवत नाही. तसे निघाले तर लढाई सोपी होते: नवा परवाना मागण्याऐवजी जुन्याची अंमलबजावणी मागायची असते.

खासगी बसवाला दुपारची किंवा रात्रीची फेरी परस्पर रद्द करतो. हे त्याला करता येते का?

नाही. परवान्यात मंजूर फेऱ्या करणे ही परवान्याची अट असते, आणि अटींचा भंग झाल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ८६ खाली परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार प्राधिकरणाला आहे. परवान्याची मुदत साधारणपणे ५ वर्षांची असते, त्यामुळे नूतनीकरणाच्या वेळी अशा तक्रारींची लेखी नोंद असणे फार उपयोगाचे ठरते.

मात्र मालकाची बाजूही समजून घेतली पाहिजे. दुपारच्या फेरीत पाचसहा प्रवासी, डिझेलचा आणि विम्याचा खर्च, सुट्या भागांच्या किमती, आणि गाडीवर टिकून राहणारा चालक न मिळणे, या सगळ्यांतून एका गाडीचा मालक जात असतो. २०२०च्या टाळेबंदीनंतर अनेक खासगी गाड्या पुन्हा रस्त्यावर आल्याच नाहीत. म्हणून आधी मालकाशी बोलावे, नेमक्या कोणत्या फेरीचा तोटा होतो ते विचारावे, आणि वेळ अर्ध्या तासाने मागेपुढे करून शाळा किंवा कारखाना सुटण्याच्या वेळेशी जुळवता येते का हे पाहावे. वेळेतील असा बदलही प्राधिकरणाच्या मंजुरीनेच करावा, म्हणजे तो टिकतो. बोलून उपयोग झाला नाही, तर तक्रार करायला संकोच करू नये.

तक्रार करताना काय लिहावे?

गाडीचा क्रमांक, तारीख, वेळ, थांबा आणि गाडी कोणत्या दिशेने जात होती, एवढे असले की तक्रार उभी राहते. ‘रोज असेच होते’ या वाक्यापेक्षा एका पंधरवड्याची तारीखवार नोंद अधिक परिणाम करते. कदंबच्या गाडीविषयीची तक्रार महामंडळाकडे, खासगी गाडीविषयीची वाहतूक खात्याच्या तालुक्यातील कार्यालयाकडे करावी. भाषा शांत ठेवावी. चालकाच्या वा वाहकाच्या जातीगावावरून काहीही लिहू नये.

भाडे कोण ठरवते, आणि तिकीट मागितलेच पाहिजे का?

भाडे राज्य सरकार ठरवते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ६७ खाली तो अधिकार सरकारला आहे. भाडे टप्प्यांवर मोजले जाते, म्हणून टप्पा संपतो त्या थांब्याच्या अलीकडे आणि पलीकडे उतरणाऱ्यांच्या भाड्यात फरक पडतो. दरवेळी ती वाहकाची लबाडी नसते.

तिकीट मात्र अवश्य मागावे. विनातिकीट प्रवासासाठी कलम १७८ खाली ५०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि भाडे घेऊन तिकीट न देणाऱ्या वाहकालाही त्याच कलमाखाली दंडाची तरतूद आहे. खासगी मिनीबसमध्ये पैसे घेऊन तिकीट न देण्याची सवय अनेक ठिकाणी रुळली आहे आणि ओळखीच्या वाहकाकडे तिकीट मागणे लोकांना अवघड वाटते. तरीही मागावे, कारण अपघात झाला तर आपण त्या गाडीत होतो याचा तो साधा पुरावा असतो. कदंबच्या गाडीत तर प्रत्येक न फाडलेले तिकीट म्हणजे हिशेबात नसलेला एक प्रवासी, आणि फेरी ठेवायची की काढायची याचा निर्णय हिशेब पाहूनच होतो.

विद्यार्थ्यांसाठी बालरथ असताना गावाला सकाळची बस कशासाठी?

बालरथ ही अनुदानित शाळांना विद्यार्थ्यांची ने-आण करण्यासाठी सरकारी साहाय्याने दिलेली बससेवा आहे. तिने खेड्यांतील लहान मुलांची मोठी सोय केली यात शंका नाही. पण ती शाळेची गाडी आहे. आयटीआय, कॉलेज किंवा नर्सिंगला जाणाऱ्या मुलामुलींना, शिक्षकांना, अंगणवाडी सेविकांना आणि भाजी घेऊन जाणाऱ्या बाईला तिचा उपयोग नाही. उलट शाळकरी मुले बालरथमध्ये गेल्यामुळे सकाळच्या बसमधील गर्दी कमी झालेली दिसते आणि फेरी काढण्याचे कारण म्हणून तीच पुढे केली जाते. पंचायतीने अर्जात बालरथने जाणारी मुले आणि बाकीचे प्रवासी या दोन गटांची संख्या वेगवेगळी दाखवावी.

ज्येष्ठ आणि अपंग प्रवाशांसाठी काय सोय आहे?

अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा, २०१६ वाहतूक सुगम करण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. प्रत्यक्षात गावात येणाऱ्या मिनीबसची पहिली पायरी इतकी उंच असते की गुडघे दुखणाऱ्या आजीला दोघांनी धरून चढवावे लागते. यावर तातडीने होण्यासारखा उपाय थांब्याचा आहे. रस्त्याच्या बाजूला पायरीच्या उंचीचा पक्का चौथरा बांधला आणि चालकाने गाडी त्याला लगटून उभी केली, तर चढउतार निम्म्याने सोपा होतो. हे काम पंचायतीच्या निधीत बसते. राखीव आसन मागून घेण्यात कमीपणा मानू नये. सवलतीसाठी लागणारे ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ ठेवावे.

बांबोळीच्या इस्पितळात सकाळी लवकर पोचायचे आहे. कसे जावे?

गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे इस्पितळ पणजी–मडगाव महामार्गावर बांबोळीला आहे, आणि बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदवायचे तर सकाळी लवकर पोचणेच बरे. पेडण्याहून येणाऱ्याने म्हापसामार्गे पणजी गाठावी, वाळपईहून साखळीमार्गे, आणि पणजीच्या बसस्थानकावरून बांबोळीची बस धरावी. फोंड्याहून येणारी गाडी जुने गोवेमार्गे पणजीला येते, त्यामुळे तेथूनही तेच करावे लागते. काणकोण, केपे, सांगे येथील प्रवाशांना मडगावहून पणजीकडे जाणारी बस बांबोळीवरूनच जाते. परंतु विनाथांबा शटलचे तिकीट गाडीत बसण्यापूर्वी खिडकीवर काढावे लागते आणि ती मध्ये थांबत नाही, म्हणून ‘बांबोळीला थांबणारी गाडी कोणती?’ हे तिकीट काढण्यापूर्वीच विचारावे.

प्रत्येक आजारासाठी बांबोळी गाठण्याची गरज नसते. म्हापशाचे आणि मडगावचे जिल्हा इस्पितळ अनेकांना एका बसच्या अंतरावर आहे, आणि तेथून गरज पडल्यास पुढे पाठवले जाते. बांबोळीचीच तारीख मिळाली असेल, तर डॉक्टरांना आपल्या गावच्या परतीच्या शेवटच्या बसची वेळ मोकळेपणाने सांगावी. तपासण्या वेगवेगळ्या दिवशी न ठेवता एकाच दिवशी ठेवता येतील का, हे त्यावरून ठरवता येते.

बेटांवरच्या आणि नदीपलीकडच्या प्रवाशांनी बस आणि फेरीबोट यांचा मेळ कसा घालावा?

चोडणच्या माणसाची बस रायबंदरच्या धक्क्यावर सुरू होते आणि दिवाडीच्या माणसाची जुने गोव्याच्या धक्क्यावर, असे म्हटले तरी चालेल. पायी प्रवाशाला फेरीबोटीत पैसे द्यावे लागत नाहीत. बसची वेळ गाठायची असेल, तर बसच्या वेळेआधीची फेरीबोट न धरता तिच्याही आधीची धरावी, कारण वाहनांची रांग, ओहोटी आणि धुके यांनी वेळ पुढे सरकते. फेरीबोट आणि बस यांची वेळापत्रके दोन वेगळी खाती करतात. दोघांनी एकत्र बसून ती जुळवावीत ही मागणी अत्यंत रास्त आहे, आणि ती ग्रामसभेच्या ठरावात दोन्ही खात्यांच्या नावाने घालावी.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

जून ते सप्टेंबर या काळात चोर्ला, अनमोड आणि काणकोणच्या वाटेवरच्या करमल घाटात दरड किंवा झाड पडून वाहतूक अडते. साखळी शहरात वाळवंटी नदीचे पाणी चढते. २३ जुलै २०२१ च्या सुमारास आलेल्या पुरात सत्तरी, डिचोली, फोंडा आणि धारबांदोडा या तालुक्यांतील नदीकाठच्या गावांचे मोठे नुकसान झाले. पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालण्याचा आग्रह चालकाला कधीही करू नये, आणि तो नको म्हणाला तर त्याच्या पाठीशी उभे राहावे. घाटापलीकडे जायचे असेल, तर सकाळी निघण्यापूर्वी स्थानकावर चौकशी करावी.

रविवारी आणि जत्रेच्या दिवसांत गावची बस कोठे गायब होते?

रविवारी नोकरदार आणि विद्यार्थी नसतात, म्हणून खासगी गाड्या विश्रांती घेतात किंवा लग्नाच्या वऱ्हाडाला जातात. शिरगावची लईराई देवीची जत्रा, ३ डिसेंबरचे जुने गोव्याचे फेस्त (सेंट फ्रान्सिस झेवियरचा सण) अशा वेळी जादा गाड्या तिकडे वळतात. अशा प्रसंगांसाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम ८७ खाली तात्पुरते परवाने देता येतात. त्यामुळे त्या दिवसांत गावाच्या नेहमीच्या फेऱ्या कमी होणार हे गृहीत धरून इस्पितळाची किंवा परीक्षेची तारीख असलेल्यांनी आधीच सोय करावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणाऱ्यांना मात्र सकाळी गर्दी सोसावीच लागते. त्या दिवशी पाट्या आणि पोती गाडीच्या मागच्या बाजूला ठेवावीत आणि मोठ्या सामानाचे भाडे चढण्यापूर्वी ठरवून घ्यावे.

बस उतरल्यावर पुढे चार किलोमीटर आत जायचे असेल तर?

गोव्यात मोटारसायकल पायलट ही परवानाधारक सेवा आहे. पुढचा मडगार्ड पिवळा असलेली मोटारसायकल स्थानकाजवळच्या किंवा तिठ्यावरच्या थांब्यावर उभी असते. भाडे निघण्यापूर्वी ठरवावे आणि हेल्मेट मागावे. रात्री आतल्या गावात जायचे असेल, तर पायलटचा परतीचा रिकामा फेरा धरून भाडे जास्त पडते. त्यात अवाजवी काही नाही.

सावंतवाडीला किंवा बेळगावला जाताना महिलांना सवलत मिळते का?

महाराष्ट्राच्या एसटीत मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, पण ते महाराष्ट्राच्या हद्दीपुरते. म्हणून पणजीहून सावंतवाडीला एसटीने जाताना गोव्याच्या हद्दीतील अंतराला पूर्ण भाडे पडते. कर्नाटकाची जून २०२३ मध्ये सुरू झालेली मोफत प्रवासाची योजना त्या राज्यातील रहिवासी महिलांसाठी आहे. कदंबच्या गाडीला या दोन्ही राज्यांच्या योजना लागू होत नाहीत, त्यामुळे सीमेपलीकडे माहेर असलेल्या बायकांनी गाडी निवडतानाच हिशेब करावा.

गाडीत वस्तू विसरली तर?

तिकीट जपून ठेवलेले असेल तर त्यावरून गाडी आणि फेरी शोधता येते. कदंबच्या गाडीसाठी ती जेथे पोचते त्या स्थानकावर लगेच चौकशी करावी, आणि खासगी गाडीसाठी तीच गाडी परतीच्या फेरीला येईपर्यंत थांब्यावर थांबावे. कागदपत्रे किंवा दागिने असतील, तर चौकशीबरोबरच जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करून ठेवावी.